दांड्यावरचा डबा

माझ्या नवऱ्याला, सुनिलला, कुणी विचारलं की तू काय काम करतोस, तर तो छाती फुगवून सांगतो, "लाइनवर." जणू सगळी लाइन ह्याच्या बापाची. खरं म्हणजे तो कंत्राटदाराचा हेल्पर. विजेच्या खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, तारेवर आलेल्या फांद्या तोडायच्या, आणि तू कुणाचा माणूस असं कुणी विचारलं की गप्प बसायचं, असं त्याचं काम. कार्ड नाही, कपडे नाहीत. एक पिवळं हेल्मेट आहे, तेही जोडीला मिळून एकच. जो वर चढेल त्यानं घालायचं.

जोडी म्हणजे सुनिल आणि बारक्या. सुनिल वर, बारक्या खाली. बारक्या दोरी धरतो, पक्कड, तार, लागेल ते दोरीला बांधून वर पाठवतो आणि दिवसभर मान वर करून सुनिलला शिव्या देतो. आमच्या गंजाडच्या पाड्यावर आमची घरं समोरासमोर. बारक्याची बायको रूपी माझी मैत्रीण, भांडणातली आणि गोडीतलीही. आम्ही दोघी नरपडला कुसुमकाकींच्या वाडीत चिकू निवडायला जातो. सकाळी एकाच टेम्पोत चौघं बसतो. आम्ही दोघी नरपडला उतरतो, आणि ते दोघं वायरमन सांगेल त्या गावाला जातात.

आता ह्या डब्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गावाच्या कडेला दोन खांबांवर ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, त्याला सगळे डीपी म्हणतात. तिच्या खांबाला माणसाच्या हाताला येईल असा लोखंडी दांडा असतो. दांडा खाली ओढला की पुढची लाइन बंद. वर ढकलला की चालू. खांबावर माणूस असताना ह्या दांड्याला कुलूप लावायचं असतं आणि तारांना जमिनीशी जोडणारी साखळी टाकायची असते, म्हणजे चुकून कुणी लाइन सोडलीच तरी वरचा माणूस वाचतो. हे मला सुनिलनंच सांगितलंय. कुलूप मी कधी पाहिलं नाही. साखळी एकच आहे म्हणतात, ती ऑफिसच्या गाडीत असते आणि गाडी साहेबांबरोबर असते.

म्हणून पोरं पूर्वी दांड्याला गमछा बांधायची. गमछा दिसला की वर माणूस आहे, दांड्याला हात लावायचा नाही. मग २०१६च्या दिवाळीआधी तलासरीकडे, हायवेजवळच्या एका गावात आमच्याच पाड्यावरचा लाहू खांबावर असताना त्याचा गमछा दांड्यावरून गेला. वाऱ्यानं उडाला, की कुणी घाम पुसायला नेला, ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. दांडा वर गेला आणि लाहू खाली आला. त्याची बायको सोमी कंत्राटदाराकडे गेली, तर तो म्हणाला, असा कुणी माणूस आमच्याकडे नव्हताच, कुठून चढला काय माहीत. सोमीनं त्याच्या अंगणात बसून जो हंबरडा फोडला तो माझ्या कानातून जात नाही. मी तिच्या शेजारी बसले होते. मला रडू आलं नाही, मला त्या माणसाचं थोबाड फोडावंसं वाटत होतं.

त्यानंतर पोरांनी आपसांत ठरवलं की गमछा नको, डबा टांगायचा. उपाशी माणूस आपला डबा विसरत नाही आणि दुसऱ्याचा डबा कुणी चोरत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर चढायच्या आधी जेवणाच्या डब्याची पिशवी दांड्याला अडकवायची. काम झालं, खाली उतरलं, की स्वतः जाऊन ती काढायची आणि मगच जेवायला बसायचं. पिशवी दिसली म्हणजे माणूस वर. पिशवी नाही म्हणजे माणूस खाली, जेवतोय. वायरमन दौलतदादांनीही ते मानलं. दौलतदादा पक्के नोकरीवाले, पण माणूस वाईट नाही. त्यांच्याकडे एवढी गावं दिलीत की बिचारे दिवसभर मोटरसायकलवरच असतात. एका गावात दांडा खाली ओढायचा, पोरांना चढवायचं, आणि तोवर दुसऱ्या गावातली फ्यूज टाकून यायचं. मग लांबूनच दांड्याकडे बघायचं. पिशवी नसेल तर लाइन सोडायची.

मी सुनिलला म्हणायचे, "कुलूप माग ना रे, तोंड नाही का तुला?"

तो म्हणायचा, "कुलूप मागितला तर उद्या दुसरा चढेल. चालतंय गं." ह्या 'चालतंय'चा मला एवढा संताप यायचा, की त्या दिवशी मी मुद्दाम भाकऱ्या जाड थापायचे.

पुढच्या मे महिन्यात, लाहूला जाऊन सहा-सात महिने झाले होते तेव्हा, नरपडला संध्याकाळी समुद्रावरून वावटळ आली. कुसुमकाकींच्या वाडीच्या पश्चिम कुंपणापलीकडे एका जुन्या चिकूची फांदी तारांवर पडली आणि तारा तुटल्या. रात्रभर गावात लाइट नाही. सकाळी टेम्पोतून आम्ही चौघंही नरपडलाच उतरलो, म्हणून मला कोण आनंद. नवरा दिवसभर त्याच वाडीच्या टोकाला असणार, दुपारी एकत्र जेवायला मिळणार! मी त्याला तसं म्हटलं तर तो बारक्याकडे बघून डोळे मिचकावतो काय आणि बारक्या म्हणतो काय, "वहिनी, आज पोलवर दोन डबे पाठवू का?" मेले दोघंही.

वाडी लांबट आहे. पूर्वेला रस्ता, तिथं डीपी. मध्ये काकींचं घर आणि त्याला लागून चिकू निवडायची शेड. पश्चिमेला कुंपण आणि त्याच्यापलीकडे तो खांब. शेडमधून ना डीपी दिसते ना खांब. चिकूची झाडं एवढी दाट आहेत की आत शिरलं की दुपारची संध्याकाळ होते.

काकी म्हणजे कुसुमकाकी, म्हातारं माणूस, कमरेत वाकलेल्या, पण एक मिनिट स्वस्थ बसायच्या नाहीत. वाडी त्यांच्या नावावर, मुलगा जतीन डहाणूला दुकानात असतो. मालकीण म्हणून त्यांनी आम्हाला कधी हिडीसफिडीस केलं नाही. आमच्या चहात दूध असतं. कुणाला ताप आला तर स्वतः काढा करून देतात. मी हे आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर माझ्या तोंडून त्यांच्याबद्दल काय निघेल त्याचा मला भरवसा नाही.

आम्ही चिकू निवडत होतो. लाइट नाही म्हणून पंखा बंद, अंगाला चीक आणि घाम. रूपी मोठे चिकू एका पेटीत, लहान दुसऱ्या पेटीत टाकत होती आणि तिची बडबड चालली होती.

"तुला सांगू संगे, मी रोज देवाला बोलतंय, ह्याला खालीच ठेव. दोरीच धरू दे. त्याला मोठा वाटतं वर चढायचा. मी बोलले, चढलास तर मी माहेरी जाईन."

"म्हणजे माझा वर लटकू दे, तुझा खाली सुखात!" मी म्हटलं.

"तसा नाय गं," ती म्हणाली आणि लाजून हसली. पण तसंच होतं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच मागितलं असतं. सुनिल वर असला की माझा दिवस कसा जातो ते मला माहीत. हात काम करतात आणि जीव त्या खांबाला टांगलेला असतो.

तेवढ्यात तारप्याची धून वाजायला लागली. लग्नात डीजेवर लावतात ती. सुनिलच्या फोनला तीच आहे. मला हसू आलं, म्हटलं, गावात अजून कुणाला तरी ह्याच्यासारखीच आवड आहे. वाजून वाजून ती बंद पडली. मग पुन्हा वाजायला लागली. आणि काकी घराच्या ओट्यावरून ओरडल्या, "गो संगिता, तुझ्या नवऱ्याचा डबा वाजतोय बघ! ये, बघ तरी कोणाचा फोन आहे!"

रूपी खो खो हसली. मीही हसत उठले. चार पावलं गेले आणि मग ते डोक्यात शिरलं.

खांबावरून एकदा खिशातला फोन पडून फुटला, तेव्हापासून सुनिल फोन डब्याच्या पिशवीत ठेवतो. बारक्याकडे फोनच नाही. पिशवी दांड्यावर असते. दांडा रस्त्याला, डीपीवर.

मी ओट्यावर पोचले. खुंटीला माझ्याच हातची शिवलेली निळी पिशवी लटकत होती. आत डबा, सकाळी मीच बांधलेला. आत फोन.

"काकी, ही इथं कशी आली?"

"कावळे टोचत होते गो," काकी म्हणाल्या. "मी रस्त्याला गेलेले, तर बघते काय, चार कावळे पिशवीला लागलेले. त्यात सुकी मच्छी असणार, वास सुटलेला. म्हटला, पोरं उन्हात मरतात आणि त्यांचा घास कावळे नेतात. उचलून आणली. येतील तेव्हा आंबट वरण पण वाढेन त्यांना."

त्या खूश होत्या. चांगलं काम केल्यावर माणूस जसं कुणीतरी 'बरं केलंस' म्हणायची वाट बघतं, तसं माझ्याकडे बघत होत्या.

मी फोन काढला. दौलतदादांचे दोन मिसकॉल. म्हणजे ते विचारत होते, झालं का? आणि इकडून कुणी उचललं नाही. जेवताना हात खरकटे असले की फोन कोण उचलतो? दौलतदादा हेच समजणार. दांड्यावर पिशवी नाही, फोन उचलत नाही, म्हणजे पोरं झाडाखाली बसून जेवतायत. आणि सगळं गाव रात्रीपासून त्यांच्या नावानं बोंबलतंय.

मी फोन लावला. रिंग गेली, गेली, गेली. उचलला नाही. मोटरसायकलवर असणार, कुठल्या दिशेला तोंड करून, ते देवालाच ठाऊक.

"काय झाला?" रूपी मागे येऊन उभी होती.

"पिशवी काकींनी काढली."

तिला पुढे काही सांगावं लागलं नाही. तिच्या तोंडावरचं हसू एका क्षणात गेलं. काकी मात्र एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत म्हणाल्या, "काढायची नव्हती का? मला कोण बोलला नाय गो."

कोण बोलणार त्यांना? पोरांनी आपसांत ठरवलं, दौलतदादांनी मान हलवली, संपलं. आमचं ठरलेलं मालकांना कधी सांगतो आम्ही? मला त्या क्षणी काकींचा, पोरांचा, दौलतदादांचा, त्या कावळ्यांचाही एवढा राग आला की नेमकं काय करायचं ते सुचेना. पूर्वेला दांडा, पश्चिमेला सुनिल. दांड्याकडे धावले आणि दौलतदादा माझ्याआधी तिथं पोचले, तर सुनिलला वरून उतरवायची वेळ फुकट गेली. सुनिलकडे धावले आणि तेवढ्यात दांडा वर गेला, तर?

"तू त्याच्याकड जा," रूपी म्हणाली. "खाली बोलव त्याला. मी दांड्याला जातंय. मी तुझ्यापेक्षा जोरात पळतं."

ते खरं होतं. आश्रमशाळेत असताना पळण्यात तिला कुणी धरू शकायचं नाही. तिनं साडीचा काष्टा खेचून घट्ट केला आणि चपला तिथंच टाकून निघालीसुद्धा. तिचा माणूस खाली होता, तिला काही भीती नव्हती, ती माझ्यासाठी धावत होती. हे मला त्याही वेळी कळलं.

मी फोन काकींच्या हातात कोंबला. "हे हिरवं बटण दाबत राहा. दौलतदादा उचलतील, त्यांना सांगा, सुनिल वर आहे. दांड्याला हात लावू नका. एवढंच सांगा."

"सुनिल वर आहे," काकी पुटपुटल्या. त्यांना आता समजलं होतं.

मी वाडीत शिरले.

ती वाडी मला पाठ आहे, तिथं मी दोन मोसम काढलेत, पण त्या दिवशी प्रत्येक झाड मधे येत होतं. खाली पडलेल्या पिकल्या चिकूंवरून पाय घसरत होता. वादळानं मोडलेल्या फांद्या सगळीकडे पसरलेल्या. मी ओरडत होते, "सुनिल! उतर! सुनिल, खाली उतर!" पण त्या दाटीत आवाज कुठं पोचतोय? मलाच माझा आवाज जवळच पडल्यासारखा वाटत होता. एकदा पडले, गुडघा फुटला, उठले. मनात एकच चाललं होतं, की तो जिवंत हाती लागला तर आधी त्याच्या दोन थोबाडीत देईन आणि मग उद्यापासून हे काम बंद. चिकू निवडेल माझ्याबरोबर. बायकांचं काम म्हणून लोक हसले तर हसू देत.

डाव्या हाताला शेजारच्या वाडीची विहीर आहे. तिच्यावरचा, लाइट आली की आपोआप चालू होणारा पंप मुका होता. जोवर तो मुका आहे तोवर लाइन बंद आहे, एवढं मला धावताधावता सुचलं, आणि मी कान त्या पंपाकडे लावून पळत राहिले. मुका आहे. अजून मुका आहे. रूपी, पळ गं माझ्या बायो, पळ.

कुंपण दिसायला लागलं, झाडांमधून पांढरं ऊन दिसायला लागलं, आणि पंप घरघरला.

आधी एक हिसका बसल्यासारखा आवाज, मग पाणी हौदात पडायला लागल्याचा. लगेच गावाच्या बाजूनं पोरांचा गलका उठला, "आली! आली! लाइट आली!" कुणीतरी थाळी वाजवली. रात्रभर उकाड्यात काढलेली पोरं, ती ओरडणारच. मी आजपर्यंत स्वतःही असं कितीदा ओरडले असेन. पण त्या दिवशी ते ओरडणं ऐकून मी थांबले. मी एका झाडाला धरून उभी राहिले. पुढं जायची हिंमत होईना. मला वाटलं, इथंच थांबले तर तो मेलेला नाही. जाऊन बघितलं तर मेलेला असेल.

मग गेले. जाणं भाग होतं.

कुंपणाच्या तारा वर-खाली करून मी पलीकडे निघाले. साडी अडकली, फाडून सोडवली. मान वर केली नाही. वर बघायचं नव्हतं मला. खालीच बघत चालले, आणि खाली, खांबाच्या बुडाशी, मला दोन पाय दिसले. सुनिलचे. ते मळके बूट मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? पायांवर गुडघे, गुडघ्यांवर माणूस, अख्खा, सरळ उभा. माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातात दोरी धरून.

मी जाऊन त्याला मागून मिठी मारली. त्याच्या पाठीवर गुद्दे मारले. हसत होते, रडत होते, काय बोलत होते ते माझं मला कळत नव्हतं. "मेल्या, मला वाटलं तू गेलास! तू खाली आहेस! खाली आहेस ना रे तू!" त्याचं अंग गरम होतं, घामानं भिजलं होतं, त्याला त्याचा नेहमीचा वास येत होता. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, पोर झालं तेव्हाही नाही. मी देवाचे पाय धरले मनातल्या मनात.

तो जागचा हलेना. हातातली दोरी ताणलेली होती.

"सुनिल?"

"पायात गोळा आला माझ्या," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच. "पोटरीत. मला वर उभाच राहता येईना. तो बोलला, शेवटची तार आहे, तू उतर, मी बांधतो. मला पण येतं बोलला."

तेव्हा मी वर पाहिलं.

बारक्या खांबाला बांधलेल्या कमरेच्या पट्ट्यात लटकत होता. पिवळं हेल्मेट त्याच्या डोक्यावर होतं. मान छातीवर पडली होती आणि हात दोन्ही बाजूंना खाली आले होते. एका हाताचं मी सांगत नाही. त्याच्या शर्टातून थोडा धूर येत होता, आणि वाराही नव्हता त्या दिवशी. तो गेला होता. त्यात शंका घ्यायला काही जागाच नव्हती.

मी पुढं सरकले तसा सुनिल किंचाळला, "हात लावू नको! पोलला हात लावू नको, लाइन चालू आहे!"

तो चालू लाइनखाली उभा होता, आपल्या जोडीदाराला खाली घेता येत नव्हतं, आणि दोरी सोडताही येत नव्हती. दोरी सोडली तर आपण बारक्याची सोबत सोडतोय असं त्याला वाटत असणार. मी नुसती त्याच्याजवळ उभी राहिले आणि मला माझीच किळस आली. कारण वर बारक्या होता आणि माझ्या आत अजून ते चालूच होतं, माझा वाचला, माझा वाचला. ते थांबेना. मी दातांनी ओठ चावला तरी थांबेना.

मग पंप पुन्हा बंद पडला. गावातली पोरं एकदम 'अरे!' करून ओरडली. म्हणजे रूपी पोचली होती. तिनं दौलतदादांना गाठलं होतं आणि दांडा खाली आला होता.

सुनिलनं दोरी खांबाला बांधायला घेतली, पण त्याच्या बोटांना गाठ मारता येत नव्हती. हजारो गाठी मारलेला माणूस. मी त्याच्या हातातून दोरी घेतली. "आता चढायचं नाही," मी म्हटलं, "दौलतदादा येऊन सांगेपर्यंत तू चढायचं नाही. ऐकतोस का?" त्यानं मान हलवली. तो लहान पोरासारखा माझं ऐकत होता.

रस्त्याच्या बाजूनं मोटरसायकलचा आवाज यायला लागला. दौलतदादा वाडीला वळसा घालून येत होते. पण त्यांच्या आधी वाडीतून पानं तुडवत कुणीतरी येत होतं. मला कळलं कोण आहे ते, आणि मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला आत घ्यावं.

रूपी कुंपणाच्या तारांतून वाकून आली. अनवाणी. पाय रक्तानं भरलेले, केस सुटलेले, तोंडातून शब्द फुटेना इतका दम लागलेला. त्या चिकूची एक मोडकी फांदी खांबाच्या अर्ध्यावर आडवी आली होती, त्यामुळे कुंपणापासून तिला फक्त आम्ही दोघं दिसत होतो. तिनं सुनिलला बघितलं. उभा. जिवंत.

"वाचला!" ती ओरडली. "संगे, वाचला गं तुझा! मी गेले तर दौलतदादानं दांडा वर टाकलेला! मी बोलले संपला सगळा! मी त्याचा हातच धरला, खाली खेचायला लावला, बोलले, माझ्या भावाला मारलास तू!" ती रडत होती आणि हसत होती, जशी थोड्या वेळापूर्वी मी हसत होते. "वाचला गं! देवा!"

सुनिलनं तोंड फिरवलं.

मी पुढं होऊन तिला धरलं. अशी धरली की तिची पाठ खांबाकडे होईल. तिचं डोकं माझ्या खांद्यावर दाबलं आणि दोन्ही हातांनी घट्ट आवळलं. तिचं काळीज माझ्या छातीवर धडधडत होतं. ती माझ्यासाठी एवढी धावली होती.

"बारक्या कुठं आहे? पाण्याला गेला?" माझ्या खांद्यात तोंड असल्यामुळे तिचा आवाज दबका येत होता. "सोड ना गं आता. मला दम लागलाय."

मी सोडलं नाही.